बेइजुच्या शिकिशिवर चार ओळी : एका शुभेच्छेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

शीतल सातारा जिल्ह्यातली. नर्सिंगचं शिक्षण पूर्ण करून पुण्यात माझ्याकडे जपानी शिकली आणि जपानी भाषा प्राविण्य परीक्षेची एन-४ पातळी पास झाली. नंतर वृद्धसेवेची, म्हणजे ‘काइगो’ची, ठरलेली परीक्षा देऊन शिझुओका प्रांतातल्या एका वृद्धनिवासात नोकरीला लागली. ज्या ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसावर ती गेली, तो जपानने एप्रिल २०१९ मध्ये सुरू केला. भारताशी त्याबाबतचा सहकार्य करार जानेवारी २०२१ मध्ये झाला.

त्या निवासात राहणाऱ्या साइतो-सान मे २०२४ मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होणार होत्या. तरुणपणी त्या चहाच्या मळ्यात काम करत. शीतल त्यांना आंघोळ घालताना सवयीने ओव्या गुणगुणायची. त्यातली एक ओळ त्यांनी उचलली आणि पुढे दोघी ती रोज म्हणू लागल्या. दोघींची नावं बदललेली आहेत, पण ती लिहिताना खऱ्या नावांत ज्या अडचणी आल्या, त्याच या नावांतही येतील अशी निवडली आहेत.

अठ्ठ्याऐंशीव्या वर्षाला जपानीत ‘बेइजु’ म्हणतात. यातला ‘बेइ’ म्हणजे तांदूळ. तांदळाचं कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेलं अक्षर, सुटं केलं की आठ, दहा, आठ हे तीन आकडे निघतात, आणि जपानीत अठ्ठ्याऐंशी म्हणायचं तेही ‘आठ-दहा-आठ’ असंच. अशा वाढदिवसाला ‘शिकिशि’ देण्याची पद्धत आहे. शिकिशि म्हणजे साधारण २७ बाय २४ सेंटिमीटरचा, सोनेरी कडेचा जाड पांढरा पुठ्ठा. मधोमध मानकऱ्याचं नाव आणि अभिनंदन, भोवती सगळ्यांनी आपापल्या हातांनी लिहिलेले छोटे संदेश. असं सामूहिक लिहिण्याला ‘योसेगाकि’ म्हणतात. मजल्यावरच्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी लिहायचं ठरलं. शीतलच्या वाट्याला तळहाताएवढी जागा आली.

अडचण

तिने मला व्हॉट्सॲपवर दोन कागदांचे फोटो पाठवले. एकावर भाषांतर ॲपने काढून दिलेला मजकूर उतरवलेला, दुसऱ्यावर तिचा स्वतःचा. खाली प्रश्न : “सेन्सेई, यातलं कुठलं लिहू?”

तोवर तिला जपानमध्ये बऱ्यापैकी दिवस झाले होते. बोलणं अडत नव्हतं. हाताने मात्र ती स्वतःच्या नावापलीकडे काही लिहीतच नव्हती. यात तिचा दोष कमी. प्राविण्य परीक्षेत एन-५ पासून एन-१ पर्यंत कुठेही हाताने एक अक्षर लिहावं लागत नाही. सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. बोलण्याचीही परीक्षा नाही. कामावरच्या नोंदी टॅबलेटवर. तिथे उच्चार टाइप केला की यंत्रच कांजी सुचवतं, त्यामुळे अक्षर ओळखता आलं की भागतं. पुण्यातले आमचे वर्गही याच परीक्षेच्या वेळापत्रकावर चालतात.

शिकिशिवर खाडाखोड चालत नाही. शाई पुठ्ठ्यात मुरते आणि शेजारी सहकाऱ्यांची वळणदार अक्षरं असतात. म्हणजे चूक झाली तर ती तिच्या नावानिशी साइतो-सानच्या भिंतीवर राहणार.

समोर असलेले पर्याय

ॲपचा मजकूर चुकीचा नव्हता, पण या प्रसंगी चालणारा नव्हता. त्यात ‘आनाता’ दोनदा आला होता. पुस्तकात ‘आनाता’चा अर्थ ‘तुम्ही’ असा देतात. व्यवहारात मात्र वडीलधाऱ्या माणसाला ‘आनाता’ म्हणणं अंगावर येतं. जपानीत अशा व्यक्तीला नावाने आणि ‘सान’ लावूनच संबोधायचं. पुढे ‘आइशिते इमासु’ होतं, म्हणजे ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’. त्याचंच बोलीतलं रूप ‘आइशितेरु’. हे वाक्य जपानी नवरा-बायकोही एकमेकांना क्वचितच म्हणतात. काइगोतल्या मुलीने ते आजींच्या शिकिशिवर लिहिलं असतं तर वाचणारे गोंधळले असते. मराठी मजकूर आधी इंग्रजीत आणि मग जपानीत नेला की असं होतं.

दुसरा पर्याय ठरीव वाक्यांचा. “बेइजु ओमेदेतो गोझाइमासु, कोरेकारा मो ओगेन्कि दे.” म्हणजे बेइजुच्या शुभेच्छा, यापुढेही तब्येत उत्तम असो. बिनचूक आणि सुरक्षित. पुढेही कुणाला वेळ नसेल तर मी हेच लिहायला सांगेन. पण शीतलला ते नको होतं. “असं तर ऑफिसमधला अकाउंटंटपण लिहील,” ती म्हणाली.

तिसरा पर्याय मी मजकूर तयार करून द्यायचा आणि तिने उतरवायचा. त्यात जपानी उत्तम झालं असतं, पण तिच्या तोंडून साइतो-सान रोज जे जपानी ऐकतात, त्याच्याशी ते जुळलं नसतं.

उरला तिचा स्वतःचा कागद. तो चुकांनी भरलेला होता, पण त्यात साइतो-सान दिसत होत्या. आम्ही तोच घ्यायचं ठरवलं. मग खरं काम सुरू झालं : कुठली चूक काढायची आणि कुठली राहू द्यायची.

काय काढलं, काय ठेवलं

सुरुवात “कोन्निचिवा”ने होती आणि शेवटचं अक्षर तिने ‘वा’ लिहिलं होतं. ते ‘हा’ लिहायचं असतं आणि ‘वा’ वाचायचं. मूळ अर्थ ‘आजचा दिवस तर…’ असा अर्धवट वाक्याचा. त्यातला ‘वा’ हा प्रत्यय आहे आणि प्रत्ययाचं जुनं लेखन टिकून राहिलं. १६ नोव्हेंबर १९४६ ला जपान सरकारने ‘काना’चं, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या अक्षरांचं, नवं उच्चारानुसारी लेखन जाहीर केलं तेव्हाही तीन प्रत्यय जुन्या वळणाचेच ठेवले : लिहायचा ‘हा’, वाचायचा ‘वा’, लिहायचा ‘हे’, वाचायचा ‘ए’, आणि कर्माला लागणारा ‘ओ’, ज्याचं अक्षरच वेगळं. मराठीत ‘चमचा’तला पहिला ‘च’ आणि दुसरा ‘च’ आपण एकाच अक्षराने लिहितो आणि वेगळे वाचतो, तेव्हा तक्रार करायला आपल्याला फारशी जागा नाही. ही चूक अर्थ बदलत नाही, पण लिहिणारा शाळकरी वाटतो. काढली. तसंही शिकिशिवर “कोन्निचिवा” लिहीत नाहीत, म्हणून तो शब्दच गेला.

“ओमेदेतो” तिने शेवटच्या ‘उ’शिवाय लिहिलं होतं. ऐकू येतो लांब ‘ओ’, लिहायचं ‘तो’ आणि ‘उ’. आरिगातोचंही तसंच. मराठी कानाला जपानी दीर्घ स्वर निसटतात, आणि ते निसटले की कधी कधी नातंच बदलतं : ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी.

पुढचं वाक्य होतं “साइतो-सान ओ दाइसुकि देसु”, म्हणजे मला साइतो-सान खूप आवडतात. इथे ‘ओ’ नको, ‘गा’ हवा. हे तिला समजवायला इंग्रजी बाजूला ठेवावं लागलं. “शीतल, तू मराठीत काय म्हणतेस? ‘मी वांग्याला आवडते’ की ‘मला वांगं आवडतं’?” मराठीत आवडणारी गोष्ट प्रथमेत येते आणि क्रियापद तिच्याप्रमाणे चालतं. जपानी ‘सुकि’ची रचना याच्या अगदी जवळची आहे, जे आवडतं त्याला ‘गा’. मराठी मुलांना हा नियम आयता मिळू शकतो. तरी बहुतेक जण आधी ‘आय लव्ह’ आठवतात आणि तिथून ‘ओ’ लावतात.

त्याच शब्दात दुसरा घोटाळा होता, आणि तो तिला दिसतही नव्हता. ‘दाइ’चं कांजी म्हणजे हातपाय फाकून उभा असलेला माणूस, अर्थ ‘मोठा’. तिच्या पेनाचं टोक उजवीकडे वर टेकलं होतं आणि तिथे एक ठिपका उमटला होता. त्या ठिपक्याने ‘मोठा’चा ‘कुत्रा’ होतो, आणि ‘खूप आवडतात’च्या जागी ‘श्वानप्रेमी’ वाचलं जातं. ठिपका खाली पडला तर ‘जाड’. फोनवर आम्ही दोघी बराच वेळ हसलो, मग तिने ते अक्षर वहीच्या पानभर गिरवलं.

चौथ्या ओळीवर मात्र हसू आलं नाही. तिने लिहिलं होतं : “साइतो-सान नि ओवी ओ ओशिएते आगेमाशिता”, म्हणजे मी साइतो-सानना ओवी शिकवली. ‘आगेरु’ म्हणजे देणं. ते दुसऱ्या क्रियापदाला जोडलं की ‘मी तुमच्यासाठी हे केलं’ असा उपकाराचा सूर येतो. व्याकरण बरोबर, आणि तरीही सबंध कागदावर दुखावू शकणारं वाक्य हेच एक होतं. एकमेकांच्या मदतीवर दिवस काढणाऱ्या त्या इमारतीत तर जास्तच. काइगोत नव्या आलेल्या मुलींनी आणि मुलांनी सर्वांत आधी ‘आगेरु’ कुठे लावायचा नाही हे शिकावं, असं माझं मत आहे. कांजीची संख्या नंतर वाढवता येते. तिथे आम्ही ‘इश्शो नि’ आणलं, म्हणजे एकत्र, मिळून. यात जोडाक्षराचा लहान ‘त्सु’ येतो. तो पूर्ण आकाराचा काढला तर ‘इश्शो’ न राहता भलतंच काहीतरी होतं.

थांबून विचार करावा लागला असे तीन प्रसंग

पहिला ‘आजी’चा. शीतलला लिहायचं होतं की तुम्ही माझ्या आजीसारख्या आहात. साताऱ्यात हे सहज म्हणता येतं. तिथल्या कामाच्या ठिकाणी मात्र राहणाऱ्यांना ‘ओबाआचान’, म्हणजे ‘आजी’, न म्हणता आडनाव आणि ‘सान’ने हाक मारायची शिस्त असते. म्हाताऱ्या माणसाला लहान मुलासारखं वागवू नये, हा त्यामागचा विचार. शिवाय शिकिशि साइतो-सानची मुलगी आणि नातवंडंही वाचणार होती. म्हणून तुलना काढली आणि आठवण ठेवली : “साइतो-सान नो वाराइगोए ओ किकु तो, इंदो नो सोबो ओ ओमोइदाशिमासु.” साइतो-सानचं हसणं ऐकलं की भारतातली आजी आठवते. स्वतःच्या आजीसाठी ‘सोबो’ हा घरचा, नम्र शब्द. आजीपणाचा मान शीतलच्याच आजीकडे राहिला आणि साइतो-सान साइतो-सान राहिल्या.

दुसरा प्रसंग पडण्याचा. हिवाळ्यात एका रात्री साइतो-सान संडासाजवळ पडल्या होत्या आणि डॉक्टर येईपर्यंत शीतल त्यांचा हात धरून बसली होती. तिच्या कागदावरची सर्वांत लांब आणि सर्वांत खरी ओळ हीच होती. पण दीर्घायुष्याच्या शुभेच्छांत पडणं, आजारपण, सुकणं, संपणं अशा अर्थाचे शब्द येऊ देत नाहीत. ‘ताओरेरु’, पडणं, हा शब्द त्यात नक्की मोडतो. शीतल थोडी हटून बसली. शब्द बदलून तीच गोष्ट सांगता येईल का, हे आम्ही पाहिलं. ‘त्या रात्री’ असं मोघम लिहिलं तर इतरांना कळलं नसतं, आणि साइतो-सानना कळून वाढदिवसाच्या दिवशी तेच आठवलं असतं. ओळ गेली. आपल्याकडच्या “शंभर वर्षं जगा”चंही भाषांतर तिने केलं होतं. अठ्ठ्याऐंशीला शंभर ही फार लांबची गोष्ट वाटत नाही, म्हणून त्या जागी ‘ओगेन्कि दे’ आलं.

तिसऱ्या प्रसंगात आमचं दोघींचं जुळलं नाही. तिने लिहिलं होतं “इत्सुमो तानोशिइ ओ मोराइमासु.” विशेषणाला नाम समजून वापरल्यासारखं, म्हणजे मराठीत ‘मला तुमच्याकडून नेहमी आनंदी मिळतं’ म्हणावं तसं. प्रचलित वाक्य “इत्सुमो गेन्कि ओ मोरात्ते इमासु”, तुमच्यामुळे नेहमी उत्साह मिळतो. मला तिचं मोडकं वाक्य आवडलं होतं. कळत होतं, दुखावत नव्हतं, आणि तिचा आवाज त्यात होता. मी म्हटलं, हे राहू दे. ती म्हणाली, “सेन्सेई, बाकी सगळ्यांचं बरोबर आणि माझंच चुकलेलं का दिसावं? कौतुक वाचणाऱ्यांना. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर मलाच जायचंय.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खाली नाव तिचं येणार होतं, म्हणून वाक्य तिने सुधारलं.

प्रत्यक्ष लिहिताना

मधलं शीर्षक उभ्या ओळीत असल्याने सगळे उभंच लिहिणार होते. शीतल आजवर आडव्या ओळीतच लिहायला शिकलेली. उभ्या लेखनात लहान काना चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बसतात, आणि काताकानातली, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या काना अक्षरांतली, दीर्घ स्वराची रेघ उभी होते. ‘शीतल’ लिहायचं म्हणजे ‘शि’, रेघ, ‘ता’, ‘रु’. ती रेघ आडवी ठेवली तर एक या आकड्यासारखी दिसते. ‘शि’ हे अक्षरही दगा देणारं. दोन छोट्या रेघा एकाखाली एक आणि तिसरी खालून वर नेली तर ‘शि’. छोट्या रेघा शेजारी-शेजारी ठेवून तिसरी वरून खाली ओढली तर ‘त्सु’. तिच्या सहीतली शीतल कित्येक महिने ‘त्सूतारु’ होती आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. जपानी सहकारी अशा गोष्टी भिडेपोटी सांगत नाहीत.

साइतो हे आडनाव जपानमध्ये अनेक प्रकारे लिहितात. पहिल्या अक्षराचीच चार रूपं सर्रास दिसतात, काहींत फरक अक्षराच्या पोटातल्या दोन-तीन रेघांचा. दुसऱ्याच्या नावाचं कांजी चुकणं ही यातली सर्वांत वाईट चूक. म्हणून तिने युनिटच्या लीडरकडून नाव कागदावर लिहून घेतलं. सगळा मजकूर कांजी टाळून नुसत्या हिरागानात, म्हणजे रोजच्या काना अक्षरांत, लिहिण्याचा सोपा मार्ग तिने सुचवला होता, तो मी नको म्हटला. जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे नुसता हिरागाना वाचायला अवघड जातो, आणि वयस्कर माणसांना कांजीची सवय असते. नेहमीची कांजी ठेवली आणि अक्षरं मोठी काढली. पेन काळा. लाल शाईने पत्र लिहिणं संबंध तोडण्याची खूण मानतात, हे तिला आधीच ठाऊक होतं.

लीडरने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. ‘साइतो-सान गा दाइसुकि’ असं थेट लिहायला हरकत नाही, पण शिकिशि सगळ्यांच्या खोलीत बघायला फिरणार, आणि शेजारच्या खोलीतल्या आजींनाही आंघोळ शीतलच घालते. मग ‘दाइसुकि’ माणसावरून वेळेवर सरकवलं : “इश्शो नि उता ओ उताउ जिकान गा दाइसुकि देसु.” आपण मिळून गातो तो वेळ मला फार आवडतो.

आधी चिकटवायच्या कागदी पट्टीवर लिहून ती पुठ्ठ्यावर लावावी, असा माझा सल्ला होता. अशा पट्ट्या तिकडे शंभर येनच्या दुकानातही मिळतात. तिने पट्टीवर सराव केला आणि शेवटी थेट पुठ्ठ्यावर लिहिलं.

परिणाम

कार्यक्रम झाल्यावर तिने फोटो पाठवला. अक्षर थोडं डावीकडे कललेलं, एक ‘ओ’ दाटीने बसवलेला, बाकी स्वच्छ. “गेन्कि ओ मोरात्ते इमासु” हे वाक्य त्या शिकिशिवर आणखी तिघांनी लिहिलं होतं. तिच्या चार ओळींतलं इतर कुणाचंच नसलेलं वाक्य दोनच ठिकाणी : गाण्याच्या वेळेत आणि सोबोच्या आठवणीत.

साइतो-सानच्या मुलीने मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. साइतो-साननी विचारलं, सोबो किती वर्षांची? मग लहान ‘त्सु’वर बोट ठेवून त्यांनी शीतलला सांगितलं की त्यांच्या लहानपणी तो मोठाच लिहीत. १९४६ चा बदल झाला तेव्हा त्या चौथीत होत्या. ‘आज’ या अर्थाचा ‘क्यो’ तोवर ‘के’ आणि ‘फु’ असा लिहिलेला शिकलेल्या, आणि मग शाळेत सगळं नव्याने. शीतलला हे ऐकून फार बरं वाटलं, का ते तिने सांगितलं नाही.

लीडरने तेव्हापासून तिला ड्यूटीच्या पाटीवर हाताने सूचना लिहायचं काम दिलं आहे. ती कुरकुरत करते.

काय वेगळं करता आलं असतं

लीडरशी बोलणं आधी व्हायला हवं होतं. शिकिशि कोण कोण वाचणार हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर ‘दाइसुकि’वरची आणि आजीवरची अर्धी चर्चा वाचली असती. परदेशी कर्मचारी घरच्या शिक्षकाला विचारतात, कारण तिथे लाज वाटत नाही. पण प्रसंगाची माहिती शिक्षकाकडे नसते, ती मजल्यावरच्या लोकांकडे असते.

वर्गाच्या बाजूने पाहिलं तर परीक्षेत नसलं तरी दोन गोष्टी जाण्याआधी शिकवता येतात : स्वतःचं नाव उभं आणि आडवं, दोन्ही प्रकारे बिनचूक लिहिणं, आणि देण्या-घेण्याची क्रियापदं सेवेच्या संदर्भात वापरणं. आता काइगोला जाणाऱ्या तुकडीला मी हे दोन्ही देते. पाठ्यपुस्तकात ‘आगेरु’ची उदाहरणं मित्राला भेट देण्याची असतात, अंघोळ घालण्याची नसतात.

“तानोशिइ ओ मोराइमासु”बद्दल माझं अजूनही पूर्ण समाधान झालेलं नाही. एका सहकारी शिक्षिकेच्या मते शीतलचंच बरोबर होतं आणि विषय तिथेच संपतो. मला वाटतं मधला मार्ग होता. ‘तानोशिइ’ला ‘जिकान’ जोडून “तानोशिइ जिकान ओ मोरात्ते इमासु”, आनंदाचा वेळ मिळतो, असं केलं असतं तर व्याकरणही सुधारलं असतं आणि तिचा शब्दही राहिला असता. त्या संध्याकाळी ते दोघींनाही सुचलं नाही.

साइतो-सान पडल्या त्या रात्रीबद्दल तिने अजून काही लिहिलेलं नाही. राहणाऱ्यांना खाजगी पत्र द्यायचं तर लीडरची परवानगी घ्यावी लागते, आणि ती मागायची का हे शीतलनेच ठरवायचं आहे. दिलंच तर ‘हाइकेइ’ने सुरू होऊन ‘केइगु’ने संपणारी औपचारिक चौकट नको, ऋतूची एक ओळ पुरे. वाढदिवस होऊन गेल्यामुळे ‘ताओरेरु’ आता लिहिता येईल.